तीन दिवसांच्या बोलीवर घेतलेले इअरफोन

माझ्या जुन्या हेडफोनचा स्पंज झडायला लागला होता. त्याचा काळा भुगा कानात, केसांत, चहात, कुठेही पडायचा. एकदा आईने माझं डोकं खाली दाबून उजेडाकडे वळवलं आणि बत्तीस वर्षांच्या घोडीला उवा झाल्या म्हणून कपाळावर हात मारून घेतला. तो स्पंज आहे हे पटवायला मला तिच्या तळहातावर हेडफोन चुरून दाखवावा लागला.

या हेडफोनवर माझं पोट होतं. दादरचं एक ऑफिस मला रेकॉर्डिंग पाठवायचं. वकिलांचे जबाब, सोसायट्यांच्या मीटिंगा, कुणाकुणाच्या मुलाखती, सगळं ऐकून मी टाइप करून द्यायची. काम घरबसल्या. हे ऐकायला फार छान वाटतं. आमचं घर म्हणजे लालबागच्या चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि तिच्या कोपऱ्यातली मोरी. त्यात दिवसभर मी, माझा कॉम्प्युटर, बाबा आणि बाबांचा टीव्ही. आई परळच्या एका इस्पितळात आया होती, ती सकाळी जायची ती संध्याकाळी साडेसहाला उगवायची.

बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे विणकामाचं खातं. शेकडो माग एकाच वेळी धडधडायचे आणि धोटे दिवसभर इकडून तिकडे आपटत राहायचे. संप सुरू झाला तेव्हा मी बालवाडीत होते. तो संप संपला की नाही याबद्दल आमच्या चाळीत अजून दोन मतं आहेत, बाबांची नोकरी संपली याबद्दल मात्र एकच. पुढे काही वर्षं ते एका सोसायटीत वॉचमन होते, मग घरीच बसले. मिलच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, तिची टोकाची लिफ्ट आमच्या गॅलरीतून दिसते. कान मात्र बाबा मिलमध्येच ठेवून आले होते. ‘बाबांना जरा कमी ऐकू येतं’ हे आमच्या घरातलं अधिकृत वाक्य.

कमी ऐकणाऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. त्यामुळे आमच्या घरात खासगी असं काही उरलंच नाही. माझे दहावीचे गणिताचे मार्क मी सांगायच्या आत तळमजल्यावर पोचले होते. मला बघायला आलेले पाहुणे जिना उतरत होते तेव्हा बाबांनी आईला, त्यांच्या मते कानात, सांगितलं, “टक्कल आसा त्याका!” पाहुणे दुसऱ्या मजल्यावर थबकले, मग खाली गेले आणि परत आले नाहीत. मला त्या मुलाचं काही नव्हतं, पण त्या दिवसापासून तळमजल्यावरच्या आजी मला बघितलं की आपल्या केसांवरून हात फिरवायच्या.

आता टीव्ही. बाबा तो सकाळी दहाला लावत आणि आवाजाच्या पट्टीवर जेवढे ठोकळे असतील तेवढे सगळे भरत. मी ओरडले की रिमोट उचलून दोन ठोकळे कमी करायचे आणि मोठा त्याग केल्यासारखं माझ्याकडे बघायचे. त्या गोंगाटात, तो झडका हेडफोन कानावर दाबून, मी एका सोसायटीच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग टाइप केलं. दोन दिवसांनी ऑफिसमधल्या मॅडमचा फोन आला. पाण्याची टाकी साफ करण्याच्या विषयावर सोसायटीचे अध्यक्ष ‘या घरात एक तर ती राहील, नाही तर मी!’ असं नेमकं केव्हा म्हणाले, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. ही माझी तिसरी वेळ होती. त्या म्हणाल्या, “एक चार तासांची फाइल पाठवते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्या. ही नीट आली तर पुढे बघू, नाही तर राहू दे.” राहू दे म्हणजे काय ते मला कळत होतं. त्या कामाशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी आईच्या पगारातून बसच्या तिकिटाचे पैसे मागायची वेळ मला पुन्हा आणायची नव्हती.

हेडफोन बदलायचा हे ठरलं. कुठला घ्यायचा यावर अख्ख्या मजल्याने मतं दिली. गॅलरीच्या टोकाला राहणारा मोबाइल दुरुस्त करणारा म्हणाला, “ताई, इन-इअर घे. मोठा हेडफोन म्हणजे कानावर वाटी पालथी घातल्यासारखं, बाजूने सगळं शिरतं. इन-इअर म्हणजे बूच.” शेजारच्या वहिनींनी लगेच सांगितलं की त्यांच्या दिराचा कान अशा बुचामुळेच वाहायला लागला होता. दादर स्टेशनबाहेर फूटपाथवर ऐंशी रुपयांत मिळतात, हे मला सांगायची गरज नव्हती. माझ्याकडे तसे दोन होते. एकाचा डावा कान मेला होता, दुसऱ्याचा उजवा. मला ते विकणाऱ्याला जाऊन एवढंच विचारायचं होतं की बाबा रे, निदान दोन्ही कान तरी एकत्र मरतील असे का देत नाहीस.

माझं बजेट सहाशे. सोमवारी संध्याकाळी बसने गिरगावच्या अलीकडे लॅमिंग्टन रोडला गेले आणि तीन दुकानांत सहाशे म्हटल्यावर तीनदा तोच चेहरा बघितला. चौथ्या दुकानातल्या माणसाने निदान खुर्ची दिली. काचेखालून एक छोटी डबी काढली, तीन मापांची रबरं मांडली, मधलं बसवून म्हणाला, “घालून तर बघा. पाठी हॉर्न वाजतोय ना? आता सांगा.”

मी घातले. हॉर्न गेले, दुकान गेलं, तो माणूसही गेला. नुसते त्याचे ओठ हलत होते. ते किंमत सांगत होते हे मला इअरफोन काढल्यावर कळलं. चौदाशे पन्नास.

मी उठलेच होते. तो म्हणाला, “मॅडम, एक काम करा. तीन दिवस वापरा. गुरुवारी आठला मी शटर ओढतो, त्याच्या आत आणलेत तर पूर्ण पैसे परत. आठनंतर आणू नका, मी ओळख दाखवणार नाही.” गॅसच्या सिलिंडरसाठी बाजूला ठेवलेले पैसे माझ्या पर्समध्ये होते, आणि माझा हिशेब सोपा होता: यांच्यावर मॅडमची फाइल पुरी करायची, गुरुवारी साडेसातला परत करायचे. सरळ लबाडी होती. मला काही वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी बाबांनी टीव्ही लावला, मी बुचं लावली. काय सांगू, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मला माझा श्वास ऐकू आला. फाइल एका वयस्कर डॉक्टरांच्या मुलाखतीची होती. ते बोलताना मध्येच पाण्याचा घोट घेत, तो घोटसुद्धा गळ्याखाली उतरताना कळत होता. दुपारपर्यंत माझा सव्वा तास टाइप झाला आणि मी खूश होऊन वळले तर दारात वहिनी, तोंड फुगवून.

पाणी येऊन गेलं होतं. वहिनींनी मला तीन हाका मारल्या होत्या, मी पाठ करून बसले होते. शेवटी त्यांनी आमचं पिंप स्वतः भरलं आणि ही बातमी अख्ख्या मजल्याला सांगितली. आमच्या चाळीत तुम्ही उधारी बुडवा, दारू पिऊन जिन्यात झोपा, चालतं. हाक मारल्यावर ओ न देणं चालत नाही. मी कानातलं काढून दाखवलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, “घाल बाई घाल, तू आता साहेबीण.” आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

बुधवारी अकराच्या सुमारास बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एरवी त्यांना चहा हवा असला की तीन फुटांवरून आरोळी येते. आज त्यांनी आधी माझ्या कानांकडे नीट बघितलं आणि मग तोंड उघडलं. जबडा खाली गेला, ओठ ताणले, जीभ दिसली, आवाज काही नाही. पुन्हा तसंच. झटका येताना तोंड वाकडं होतं हे आईकडून शंभरदा ऐकलं होतं. मी कानातली बुचं उपसली, खुर्ची मागे पडली, त्यांचे दोन्ही खांदे धरून ओरडले, “बाबा! काय होतंय?”

बाबा इतके हसले की त्यांना कॉटवर बसावं लागलं. मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “साच्यावर आमी असाच बोलायचो! कानाक काय आयकाक येयत थंय?”

साचेखात्यात ओरडून काही उपयोग नसायचा, म्हणून ते लोक आवाज काढायचेच नाहीत. तोंड मोठं करून शब्द नुसता दाखवायचा, उरलेलं हातांनी. माझे कान बंद दिसले आणि बाबांचं तोंड आपोआप त्या जुन्या सवयीवर गेलं. जुन्या हेडफोनमधून त्यांची आरोळी शिरायचीच, असे पुरते बंद कान घेऊन मी त्यांच्यासमोर कधी बसलेच नव्हते, मग मला कळणार कसं?

समोरच्या चाळीत बाबांच्या खात्यातले एक काका राहतात. रोज सकाळी हे इकडच्या गॅलरीत, ते तिकडच्या, मध्ये रस्ता, आणि दोघांची तोंडं उघडमीट. मी लहानपणापासून समजत होते की हा दातांचा काही व्यायाम आहे. आई म्हणायची, म्हातारे माशा गिळतायत. ते दोघं गेली पंचवीस वर्षं रस्त्यावरून, बसगाड्यांच्या डोक्यावरून, आमच्या सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होते. माझ्या टक्कलवाल्या स्थळाची चर्चा तिथे चार दिवस चालली होती, हे बाबांनी मला त्याच दुपारी अगदी निर्लज्जपणे सांगितलं.

चहा झाला, पण बाबा उठेनात. त्यांनी मला शब्द शिकवायला सुरुवात केली. मिशी पिळली की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय. नाक चिमटीत धरलं की मोठा साहेब. पोटावर हात फिरवून अंगठा मागे दाखवला की कुणीतरी जेवायला म्हणून गेलाय तो परत यायचं नाव नाही. मला निम्मं कळायचं, निम्मं ते पुन्हा करून दाखवायचे. एकेका वाक्याला माझं दोन परिच्छेदांचं टायपिंग बुडत होतं आणि मला त्याची फिकीर नव्हती.

कारण हा माणूस मला माहीत नव्हता. माझे बाबा म्हणजे आरोळी. चहाची आरोळी, टॉवेलची आरोळी, प्रेमाने बोलायचं तरी आरोळीच. आपला आवाज किती मोठा निघतो हे त्यांना कळायचं नाही, म्हणून ते कामापुरतंच बोलायचे. हा समोरचा माणूस मात्र चावट होता. त्याने मोठ्या साहेबाची चाल दाखवली, साहेबाच्या बायकोची दाखवली, आणि जॉबरबद्दल एक शिवी अशी काही ओठांवर आणली की ती मला पहिल्याच फटक्यात कळली. मी हसून टेबलावर डोकं ठेवलं. एवढी वर्षं हे सगळं समोरच्या काकांना मिळत होतं आणि आम्हाला टॉवेल. मला त्या काकांचा मनापासून हेवा वाटला.

गुरुवारी मी पहाटेपासून टायपिंगला बसले. बारा वाजता मोबाइलचा दिवा लुकलुकला, मॅडमचा फोन. कानातलं काढलं, बाबांचा रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला, संध्याकाळी पाचपर्यंत देते म्हणून सांगितलं, बुचं परत लावली आणि कामाला लागले. आवाज पुन्हा सुरू करायचं विसरले.

दीड वाजता माझा खांदा कुणीतरी गदागदा हलवला. वहिनी. अबोला मोडून, हातात अर्धी निवडलेली मेथी घेऊन. त्यांच्यामागे मोबाइलवाला, त्याच्यामागे वरच्या मजल्यावरचे एक आजोबा, पायात चपलासुद्धा न घालता.

“काय ग, बरे आहेत ना बाबा?” वहिनींनी विचारलं. “दीड तास आवाज नाही. एकची मालिका लागून संपली. म्हटलं बघून यावं.”

मग मला उलगडलं की वहिनी आमच्या टीव्हीवर मालिका ऐकतात, भिंतीपलीकडून, भाजी निवडताना. त्यांच्याकडचा टीव्ही दिराने नेला तेव्हापासून. आमच्या घरात शांतता झाली याचा मजल्याने लावलेला अर्थ एकच होता, आणि आजोबा त्याच तयारीने आले होते.

मी बाबांकडे बघितलं. ते कॉटवर मांडी घालून टीव्ही बघत होते. पडद्याच्या कोपऱ्यात आवाज बंद असल्याची खूण होती. मी टेबलावरचा रिमोट उचलला. पडद्यावर एक बाई रडत होती आणि बाबा समजूतदारपणे मान हलवत होते. मग त्यांना दारातली गर्दी दिसली, माझा चेहरा दिसला, माझ्या हातातला रिमोट दिसला. त्यांची मान हलायची थांबली.

“रिमोट बिघडलाय,” मी वहिनींना म्हटलं आणि बटण दाबलं. खोली हादरली. वहिनींचा जीव भांड्यात पडला, गर्दी पांगली. मी दार लोटून घेतलं.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनीच ओठ हलवले, सावकाश, मला एकदाच कळावं असे. “माका कायच आयकाक येणा नाय.”

“कधीपासून?” मीही आवाज काढला नाही.

त्यांनी दोन बोटं दाखवली. दोन वर्षं. टीव्हीचा आवाज ते ठोकळे बघून लावायचे. पूर्ण भरले की आपल्याला थोडं ऐकू येतं असं लोकांना वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. आईने मागच्या वर्षी त्यांना कानाच्या तपासणीला नेलं होतं. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं, अशी तपासणी. बाबांनी शिट्टी वाजवणाऱ्या मुलीचा अंगठा बटणावर दाबला जाताना काचेत दिसतो हे हेरलं आणि बरोबर बोटं वर केली, मध्ये दोन-चार मुद्दाम सोडून. ‘वयाच्या मानाने ठीक’ असा कागद घेऊन आई घरी आली आणि शेजारी दाखवून आली.

मला राग आला. म्हटलं, इतकं ढोंग कशासाठी? माझी नोकरी जायची वेळ आली या टीव्हीपायी. आईला सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं?

बाबांनी गॅसच्या ओट्याकडे बोट दाखवलं. आई संध्याकाळी येते, तिथे उभी राहते, पाठ आमच्याकडे, आणि भाकऱ्या थापता थापता दिवसभराचं सगळं सांगत असते. पाठ असल्यामुळे ओठ दिसत नाहीत. बाबा थोड्या थोड्या वेळाने ‘हां’ म्हणतात, एवढंच. मी लहानपणापासून ते बघत आले होते, त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

ते ओठांनीच म्हणाले, “आवशीक सांगा नको. ती बोलूचा बंद करतली.” मग हातांनी, ओठांनी, समजावल्यासारखं सांगितलं की ठार बहिऱ्याशी कोण बोलेल, ती दमून येते, ती मग नुसत्या भाकऱ्या थापेल.

मी कानात बुचं घातली आणि कामाला बसले, कारण डोळे पुसायला कॉम्प्युटरकडे तोंड करणं बरं पडतं. पाचला फाइल पाठवली. सहाला मॅडमचा फोन आला. दोनच चुका होत्या, त्याही डॉक्टरांच्या. उद्या पुढची फाइल येईल म्हणाल्या.

इअरफोनचं काम झालं होतं. मी ते पुसले, रबरं डबीत मांडली, डबी पर्समध्ये टाकली. सिलिंडरचे पैसे परत जागेवर जायला हवे होते. शिवाय आता खरं तर बुचांची गरजच नव्हती. टीव्हीचा आवाज कमी केला तर बाबांना फरक पडणार नव्हता, मला फुकटात शांतता मिळाली असती. फक्त एका तासात वहिनी मेथी घेऊन आल्या असत्या आणि साडेसहाला आईला जिन्यातच सगळं कळलं असतं. आणि कळलेलं काय वाईट, असंही मनात येत होतं. सांगावं, मोकळं व्हावं. मी काही बापाचं ढोंग सांभाळायला जन्माला आले नव्हते.

आई आली. पाय धुतले, पदर खोचला, ओट्याशी उभी राहिली. मी चपला घालत होते. तिने परात ओढली आणि आमच्याकडे पाठ करून सुरू झाली. तिच्या वॉर्डात एक जाडजूड गृहस्थ आले होते. त्यांना इस्पितळाचा झगा दिला, तर नाड्या मागे बांधायच्या असतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी कोटासारखा पुढून उघडा घातला आणि तसेच ऐटीत चालत अख्खा वॉर्ड ओलांडून गेले.

“हां,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं.

मी दारात उभी राहून ओठ हलवले. झगा. उलटा. पुढून उघडा. हातांनी पोट दाखवलं, चाल दाखवली. आई पुढे म्हणाली, “आणि ती नवी डॉक्टरीण, पोर बिचारी, तिने डोळे मिटून तपासलंन त्यांना!” मी डोळे मिटले आणि चाचपडत हवेत नाडी शोधली.

बाबा फुटले. मोठ्याने, वेळेवर, जिथे हसायचं तिथे.

आईचे हात परातीतच थांबले. ती वळली. “हसलात तुम्ही?” तिने विचारलं. कधीपासून तिच्या गोष्टीला त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आता तिचा चेहरा समोर होता, बाबांना माझी गरज नव्हती. “मगे?” ते गरजले. “डोळे मिटून तपासल्यान म्हणतंस!”

आईने पिठाच्या हाताने केस मागे सारले, लाजल्यासारखी काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा ओट्याकडे वळली. “पुढे तर ऐका,” ती म्हणाली.

मी चपला काढल्या आणि कॉटच्या कडेला बसले, बाबांना माझं तोंड दिसेल अशी. लॅमिंग्टन रोडवरचं दुकान आठला बंद होतं. आई पावणेनऊपर्यंत बोलत होती.